नावाड्याची बायको

मयेकरकाकांना तुम्ही जे विचाराल त्याचं ते उत्तर देतात. तेवढ्याचंच देतात. ऐकायला हा सद्गुण वाटतो, पण त्यांच्या शेजारी राहून बघा.

एका रविवारी दुपारी ते मला लिफ्टपाशी भेटले. मी विचारलं, "काका, हॉकर सेंटरमधला फिश करीचा स्टॉल उघडा आहे का हो?" "उघडा आहे," काका म्हणाले. सिंगापुरातल्या आमच्या वुडलँड्सच्या रणरणत्या उन्हात मी डबा घेऊन त्या खाऊगल्लीपर्यंत गेले. स्टॉल उघडाच होता. बाई भांडी घासत होती. मासे केव्हाच संपले होते. मी तणतणत परत आले, तर काका शांतपणे म्हणाले, "वीणा, तू स्टॉलचं विचारलंस. माशांचं कुठे विचारलंस?"

आणि वर, "प्रश्न नीट विचारावा माणसाने!"

हे त्यांचं पालुपद. जन्म मालवणचा, निम्मं आयुष्य जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेलेलं, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त. मुलगा नीलेशही बंदरावरच शिफ्टमध्ये काम करतो. सुनंदाकाकूंना जाऊन चारेक वर्षं झाली. तेव्हापासून बापलेक दोघंच त्या फ्लॅटमध्ये, आणि शिफ्टमुळे तेही क्वचितच एका वेळी.

एकदा नीलेशला सुट्टी नव्हती म्हणून काकांना मी पॉलिक्लिनिकमध्ये घेऊन गेले. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. कुठे दुखतंय का? नाही. ताप? नाही. चक्कर? नाही. झोप लागते? लागते. बाईंनी शेवटी संगणकावरचा हात काढला आणि विचारलं, "मग अंकल, तुम्ही आलात कशासाठी?" काकांचा चेहरा उजळला. "हा आज तुम्ही विचारलेला पहिला बरोबर प्रश्न," ते म्हणाले, आणि मग पंधरा दिवस न थांबलेला खोकला खोकून दाखवला.

नीलेश बिचारा रोज कामावरून फोन करतो. "बाबा, जेवलात?" "जेवलो." फोन बंद. काय जेवलात हे नीलेश विचारत नाही, त्यामुळे तीन बिस्किटं आणि चहा हे सत्य त्याच्यापर्यंत कधी पोचत नाही. ते मला ठाऊक असतं, कारण मी विचारते. मी जात्याच चौकस आहे. माझी आई म्हणते, हिला लग्नाच्या पंगतीत बसवलं तर ही जिलबी कोणी तळली ते विचारून येईल.

तर अशा माझ्यासारखीला काकांनी काही वर्षं चांगलंच झुलवत ठेवलं. एरवी हा माणूस कडक इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय कचरा टाकायलाही जात नाही. पण अधूनमधून, सलग काही दिवस, ते सकाळी विटका चौकडीचा शर्ट, गुडघ्यापर्यंतची पँट, रबरी चपला आणि डोक्यावर फाटकी गवती टोपी अशा अवतारात बाहेर पडायचे. हातात माशांची जाळीदार पिशवी. संध्याकाळी परतताना पिशवी रिकामी आणि चेहरा मात्र लग्नाहून आल्यासारखा प्रसन्न.

"काका, मासे मारायला जाता?"

"नाही."

"नाटकात काम करता?"

काका थबकले. "नाटक म्हणता येणार नाही," म्हणाले आणि लिफ्टचं दार बंद झालं. नीलेशला विचारलं तर तो हात जोडून म्हणाला, "ताई, मला विचारू नका. कुठल्याशा कागदावर सही केलीय म्हणतात. मी पोटचा मुलगा, मलाही ताकास तूर लागू देत नाहीत."

कोडं सुटलं ते थेट नोव्हेनाला. तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी काम करते. आमच्याकडे वेई मिंग नावाचा फिजिओथेरपिस्ट आहे. इथल्या मुलांची सक्तीची सैनिकी सेवा संपली तरी सुटका नसते, पुढची कितीतरी वर्षं त्यांना थोड्या थोड्या दिवसांसाठी परत बोलावतात. या बोलावण्याला सगळे रिझर्व्हिस्ट म्हणतात आणि सगळे त्याच्या नावाने बोटं मोडतात. वेई मिंगची तुकडी गुप्तवार्तेची. म्हणजे शत्रूची माहिती गोळा करणारी. एकदा तो असाच आठवडाभर जाऊन आला आणि कँटीनमध्ये माझ्यासमोर ताट ठेवून कुरकुरायला लागला.

"सिस, या वेळी मला एका अंकलनी पार रडवलं, लाह."

लष्कराचं गुपित त्याने काही फोडलं नाही, आणि मीही, शपथेवर सांगते, फारसं विचारलं नाही. पण अंकल काही गुपितात मोडत नव्हते. प्रशिक्षणाच्या इमारतीत एक मोठी खोली आहे. तिच्यात प्लायवूडचा धक्का उभारलाय, त्याला खऱ्यासारख्या पायऱ्या, बाजूला एक टपरी, वर कुरकुरणारा पंखा. एका भिंतीत काच, काचेमागे शिकवणारे बसतात. आणि धक्क्यावर बसतो एका काल्पनिक देशातला म्हातारा नावाडी, म्हणजे त्याचं सोंग घेतलेले हे अंकल. काल धक्क्यावर काही ट्रक उतरले, ते त्याने पाहिलेत. त्याच्याशी बोलून ती माहिती काढायची, ही परीक्षा. न धमकावता, न फसवता, फक्त प्रश्न विचारून.

"मी गेलो, नमस्कार केला, विचारलं, अंकल, ट्रक किती? तो म्हणतो, मोजले नाहीत. कुठल्या रंगाचे? तो म्हणतो, रात्र होती. अर्धा तास! कान्ट मेक इट, सिस! काचेमागे माझे सर हसतायत, मला ऐकू येतंय."

"डोक्यावर फाटकी गवती टोपी?" मी विचारलं.

वेई मिंगच्या हातातला चमचा तसाच राहिला. आमच्या हॉस्पिटलात गुप्तवार्तेची खरी तुकडी कोणती, असा प्रश्न त्याला तेव्हा पडला असावा.

"मग ट्रक मिळाले का तुला शेवटी?"

"मिळाले ना. मी हरलो आणि सहज विचारलं, अंकल, घरी कोण आहे? मग अंकल बोलायला लागला. बायको आहे म्हणाला. कुळथाचं काहीतरी सूप करते, फार चांगलं. पण गुडघा दुखतो तिचा, धक्क्यापर्यंत येववत नाही. आता मी पडलो फिजिओ. मी त्याला व्यायाम शिकवला. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, दाबायचं, सोडायचं. अंकलने माझ्याकडून दोनदा करून घेतला. किती दिवस करायचा, बसून की झोपून, सगळं विचारलं. आणि उठताना हळूच म्हणाला, ट्रक सात होते."

मी हसले आणि हसता हसता थांबले. सुनंदाकाकूंचा गुडघा मला आठवला. त्या खाली व्हॉइड डेकच्या, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेतल्या, बाकावर बसायच्या, एक पाय लांब करून, आणि काकांच्या जहाजाची वाट पाहत घालवलेल्या दिवसांबद्दल तक्रार म्हणून नाही, गंमत म्हणून सांगायच्या. कुळथाचं पिठलंही मी त्यांच्या हातचं खाल्लंय. गुडघ्याला त्या शेवटपर्यंत बाम चोळत राहिल्या.

साऱ्या सिंगापुरात एकच जागा होती, जिथे काकांना कुणीतरी "बायको कशी आहे?" असं विचारत होतं. आणि तिथे ती बरी होती.

"पण आता अंकल नसणार," वेई मिंग ताटातलं चिवडत म्हणाला. "पुढच्या वेळेपासून नावाडी स्क्रीनवर. आपण बोलायचं, सॉफ्टवेअर उत्तर देणार. सर म्हणाले, अंकलला बोलावून त्याची सगळी उत्तरं त्यात भरून घेणार आहेत."

त्या महिन्यात मी काकांवर अक्षरशः पाळत ठेवली. एका सकाळी ते गेले, पण इस्त्रीचा शर्ट घालून. संध्याकाळी व्हॉइड डेकच्या बाकावर एकटेच बसलेले दिसले. मी जाऊन शेजारी बसले. कामाचं विचारलं तर सही आडवी येणार, हे मला माहीत होतं. म्हणून सरळच विचारलं.

"काका, नावाड्याच्या बायकोचं काय केलंत?"

कुठून कळलं, असं त्यांनी विचारलं नाही. वेई मिंगचं नाव त्यांनी मला उच्चारू दिलं नाही, हात वर करून थांबवलं.

"कामाचं मी बोलणार नाही," ते म्हणाले. "पण बायकोबद्दल माझी कुणी सही घेतलेली नाही. ती त्यांच्या कागदात नव्हतीच. त्यांनी मला होडी दिली होती, धक्का दिला होता, ट्रक दिले होते. एवढा म्हातारा माणूस, घरी कुणीच नाही, हे मला बरोबर वाटेना. म्हणून बायको मी घातली."

"आणि आता?"

"आज दिवसभर विचारत होते. होडीचं सांगितलं, ट्रकचं सांगितलं, भरतीओहोटीचं सांगितलं. ते पोरगं पटापट टाइप करत होतं. शेवटी म्हणालं, अंकल, वाइफबद्दल पण सांगा ना, सगळ्यांना तीच आवडते. मी म्हटलं, नावाड्याचं लग्न झालेलं नाही." काकांचा आवाज खाली आला. "तिला त्या डब्यात नाही ठेवलं मी. कोणीही येणार, काहीही विचारणार, आणि मी नसणार तिथे. आयुष्यभर तेच केलं ना मी तिच्याशी. जहाजावर गेलो आणि तिला एकटीला ठेवलं. या वेळी म्हटलं, चल, घरी जाऊ."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

"मग आता कसा आहे त्यांचा गुडघा?" मी विचारलं.

"बरा आहे," काका म्हणाले. "एक चांगला मुलगा भेटला होता, त्याने व्यायाम सांगितलाय. रोज करून घेतो."