चार कोऱ्या वह्यांची मोहीम

ज्यांच्या पदरी तीन खोल्या, दोन कन्या आणि एकच मेज, आणि त्या एका मेजावर भाजी चिरणे, पाठशाळा आणि यंत्रदुरुस्ती ही तिन्ही राज्ये चालवणे आले, त्यांनी हा मजकूर सावधपणे ऐकावा. ज्यांच्या मुलांना सकाळी गाडी घेऊन जाते आणि दुपारी आणून टाकते, त्यांनीही ऐकावा, मात्र मध्ये हसू नये. जैसे घडले तैसेच लिहिले आहे. जेथे आईसाहेबांची चूक जाहली तेथे चूकच म्हटली आहे; मोठ्यांच्या चुकांवर शाल घालणारे लेखणीबहाद्दर आजवर उदंड जाहले, त्यांत आणखी एकाची भर नको.

प्रथम राज्याचा विस्तार. गड तिसऱ्या मजल्यावर, पायऱ्या चोपन्न. गडाचे धनी, म्हणजे मुलींचे बाबा, लिफ्ट दुरुस्त करणारे मातबर कारागीर; नगरातील उंच उंच इमारतींचे सेठसावकार यांच्या पान्याच्या कृपेने वर जात आणि खाली येत, आणि स्वतःच्या इमारतीस लिफ्टच नाही, सबब स्वारी रोज हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकोन पायीच गड चढे. थोरली कन्या वय वर्षे दहा. ती पेन्सिल ऐशी दाबून धरी की जणू भिंतीत खिळा ठोकते आहे, म्हणून बाबांनी तिला खिळेबाई हा किताब दिला होता. धाकटी वय वर्षे सहा, जे दिसेल ते उचलून साठवी, तिचा किताब मुंगी. आणि या सर्वांवर अखंडकाटकसरमंडित, मेजाधीश्वरी, पाठशाळाप्रमुख व कोठीच्या खास कारभारी आईसाहेब.

आईसाहेबांचा अंमल कडक. जुना पडदा फाटला की त्याचे अ‍ॅप्रन होई, अ‍ॅप्रन विरले की पिशवी होई, पिशवी फाटली की फडके होई, आणि फडक्याचेही काय करावे याचा विचार चालू असे. भूगोलासाठी जुना चेंडू रंगवून त्याची पृथ्वी केली होती. पुढे त्यातली हवा गेली आणि एक अख्खे खंड आत बसले, परंतु त्या खोलगट खंडातील नद्या मुलींस तोंडपाठ होत्या. पुस्तके वाचनालयाची, पुठ्ठे बाबांच्या सुट्या भागांच्या खोक्यांचे. आणि सर्वांत नामांकित कायदा वह्यांचा, ज्यापायी ही सर्व मोहीम उभी राहिली.

कायदा ऐसा की वही पेन्सिलीने भरावी, भरली की आईसाहेबांनी तोंडी परीक्षा घ्यावी, आणि जे डोक्यात शिरले ते वहीत ठेवण्याचे कारण नाही, सबब शनिवारी रबराने सर्व खोडून वही पुन्हा कोरी करावी. वर्षाला मुलीमागे वह्या दोन, ऐशा घरात एकूण चार. एकेक वही चार चार वेळा भरे आणि चार चार वेळा कोरी होई.

हा कायदा कंजूषपणाने आला ऐसे खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणत, आणि जिन्यात उभ्या राहोन मोठ्याने म्हणत. परंतु त्याचे मूळ दुसरे. आईसाहेब लग्नाआधी पाच वर्षे एका शाळेच्या कार्यालयात कारकून होत्या. तेथे दर उन्हाळ्यात त्यांनी अर्ध्या कोऱ्या वह्यांचे ढीग रद्दीत जाताना पाहिले. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी मास्तर-मास्तरणी ओळीने बसून, मुलांच्या अक्षरासारखे अक्षर काढून, वर्षभराच्या वह्या एका दुपारीत भरताना पाहिले. मुले बाहेर कवायत करीत आणि त्यांचा अभ्यास आत दुसरेच कोणी करी. फाईल जाड, मूल तैसेच. त्या पाच वर्षांत आईसाहेबांचे मस्तक असे तापले की पुढे पोटच्या पोरी त्यांनी घरीच शिकवायला घेतल्या.

या कायद्याचा सर्वांत मोठा गुन्हेगार खिळेबाई. ती इतके दाबून लिही की शिसे मोडे, कागद कोचे आणि रबर फिरवले तरी पानावर चर राहत. वर्षभर तिला ताकिदीवर ताकीद गेली की हात हलका ठेवावा, पेन्सिली झाडाला लागत नाहीत. आणि वर्षभर तिने ती ताकीद मान डोलावून ऐकली आणि पुन्हा तैसेच दाबले. मुंगीचा हात मात्र पिसासारखा. तिचे खोडलेले पान ब्रह्मदेवालाही वाचता आले नसते. खोडकामातून जो रबराचा चुरा पडे तो ती चिमटीने गोळा करून काचेच्या बरणीत भरी, आणि का ते कोणास सांगत नसे.

ऐसे राज्य चालले असता शिक्षण कार्यालयाचा खलिता आला, की घरी शिकणाऱ्या मुलांची तपासणी सोमवारी अकरा वाजता; तपासनीस समाधानी जाहल्यास आणखी एक वर्षाची परवानगी, नाहीतर मुलींस त्याच आठवड्यात शाळेत दाखल करावे. आईसाहेबांनी वार आणि वेळ वाचली, भिंतीवर खडूने टिपली, आणि पुढचा मजकूर असल्या पत्रांत नेहमी एकच असतो ऐसे म्हणोन सोडला. मग पत्र उलटे केले. मागील बाजू कोरी. इतका चांगला जाड कागद, आणि एकच बाजू वापरलेली. आईसाहेबांचा हात आपोआप कात्रीकडे गेला, पत्राचे चार तुकडे जाहले आणि त्या चार तुकड्यांच्या मागे सहा, सात, आठ आणि नवाचा पाढा चढला.

मग तपासणीची तयारी मांडली. मेज घासले, चेंडूत हवा भरून पाहिली, ती राहिली नाही. आणि रविवारी आईसाहेबांनी खासा हुकूम सोडला, की उद्या सरकारी माणूस येणार, चारही वह्या स्वच्छ दिसल्या पाहिजेत. मग दोन मोठी रबरे बाहेर आली, आणि मुली, बाबा व आईसाहेब मेजाच्या चारही बाजूंनी मोर्चे लावून बसले, आणि दुपारपर्यंत वर्षाचा उरलासुरला अभ्यासही साफ करून टाकला. एक अक्षर शिल्लक ठेवले नाही. पाने पांढरी झक्क जाहली आणि आईसाहेब प्रसन्न जाहल्या.

सोमवारी सकाळी नऊला मुंगी आठाचा पाढा म्हणत मेजाखाली बसली होती. पाढा संपला तेव्हा तिने पत्राचा तो तुकडा उलटला आणि, नुकतेच वाचता येऊ लागल्याने जे दिसेल ते वाचायचे या तिच्या रिवाजाप्रमाणे, मागचे छापील वाचले: आठ वर्षांवरील मुलांचे मागील वर्षाचे सर्व लेखी काम तपासणीच्या वेळी सादर करावे, अन्यथा परवानगी आपोआप रद्द समजावी.

बाबांच्या हातातला पाना मेजावर आला.

"अगं, तू पत्राचे पाढे केलेस?"

"मागची बाजू कोरी होती," आईसाहेब म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्या.

मग खलबत जाहले. बाबांचे मत पडले की अजून दोन तास आहेत, खिळेबाईचा हात वेगवान, बसवावी आणि एक वही तरी भरून घ्यावी, कोण विचारतो कधी लिहिली ते. खिळेबाई तर पेन्सिलीला टोक करूनही बसली. तारीख काय घालू, ऐसे तिने विचारले, आणि तेथेच आईसाहेबांच्या डोळ्यांपुढे ते शाळेचे कार्यालय उभे राहिले, ओळीने बसलेली माणसे आणि बाहेर कवायत करणारी मुले. पोरी शाळेत जाव्यात हे त्यांना मुळीच नको होते. परंतु ही वही आज अशी भरली तर ज्यापायी एवढा उपद्व्याप केला तेच आपण आपल्या मेजावर आपल्या हाताने करणार, हे त्यांना लख्ख दिसले.

"ठेव ती पेन्सिल," त्या म्हणाल्या. "खोटं लिहायचं नाही. कोऱ्या आहेत तर कोऱ्याच दाखवू."

अकरा वाजण्यास पाच मिनिटे असता खालच्या काकूंनी जिन्यातून बातमी पोहोचवली की एक बाई फाईल घेऊन चढताहेत, पहिल्याच मजल्यावर बसल्यात, पाणी पाठवा. ऐशा रीतीने तपासनीस बाईंची स्वारी चोपन्न पायऱ्यांशी झुंजत गडावर दाखल जाहली. वयस्क, चष्मा दोरीला बांधलेला, पायांत दुखणे, आणि चेहऱ्यावर ऐसा थकवा की माणसांपेक्षा रकाने जास्त पाहिलेले. बाबांनी चहा पुढे केला आणि येथे लिफ्ट का नाही या त्यांच्या प्रश्नावर खाली मान घातली.

आईसाहेबांनी चारही वह्या समोर ठेवल्या. बाईंनी पहिली उघडली, दुसरी उघडली, तिसरी आणि चौथीही उघडली. मग आईसाहेबांनी सर्व हकिगत सांगितली, काहीही न लपवता, पत्राच्या पाढ्यांसकट.

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या म्हणाल्या की तीस वर्षांत वही हरवली, भिजली, लहान भावाने फाडली, हे सर्व ऐकले. तपासणी आहे म्हणून आम्हीच सगळ्यांनी बसून खोडली, हे आज प्रथमच.

मग त्यांनी खिळेबाईस प्रश्न घातले. अपूर्णांक विचारले, तिने पोळीचे घास मोडून दाखवावेत तैसे फोडून दाखवले. नद्या विचारल्या, त्या तिने बसक्या खंडातूनही बोट न अडखळता वाहत्या केल्या. लिफ्ट वर जाताना दोराच्या दुसऱ्या टोकाचे तोलाचे वजन खाली का येते तेही सांगितले, आणि तेथे बाबांची मान जराशी वर आली. बाई खूश जाहल्या हे सर्वांस दिसले. आणि तरी त्यांचे पेन अर्जाच्या खालच्या रकान्यावर जाऊन थबकले. हीच असल्या राज्यांची तऱ्हा, की मूल समोर उभे राहून उत्तर देते आणि कागद म्हणतो मूल कोठे आहे.

"पोरगी हुशार आहे हो तुमची," बाई म्हणाल्या. "पण तोंडी उत्तराला रकाना नाही. मी लिहू कुठे?"

बाबांनी खिडकीकडे तोंड फिरवले. बाईंनी पेनाचे टोपण काढले.

"थांबा," खिळेबाई म्हणाली. "जरा थांबा ना मावशी."

आणि मग तिने डब्यातून बोटभर उरलेली पेन्सिल काढली, पहिली वही ओढली, पेन्सिल आडवी धरली, आणि जन्मात प्रथमच हलक्या हाताने पानावर फिरवू लागली. पान करडे जाहले. आणि त्या करड्यात पांढऱ्या रेघा उगवू लागल्या. आधी तारीख आली. मग भागाकार आला, पायरीवर पायरी. वर्षभर ज्या चरांवरून तिने बोलणी खाल्ली ते सर्व चर शिशाला चुकवून पांढरे राहिले होते, आणि त्यांतून खोडलेले वर्ष ओळीओळीने परत येत होते. शेवटचे लिखाण ठळक, त्याच्या खाली आधीचे फिकट, भागाकारातून नदी जात होती आणि नदीच्या काठी बेडकाच्या पोटाची आकृती.

बाई खुर्ची सोडून उठल्या, पायांचे दुखणे विसरल्या, आणि मेजावर वाकल्या. मग त्यांनी स्वतःच्या पिशवीतून पेन्सिल काढली आणि दुसरे पान आपणच घासावयास घेतले. तिकडून बाबा, इकडून आईसाहेब. काल ज्या मेजावर चौघांनी वर्ष पुसले त्याच मेजावर आज चौघे ते वर काढत होते. पेन्सिलींचे पाच तुकडे या कामी खर्ची पडले.

बाईंच्या हाताखाली एका पानाच्या तळाशी गणित नसलेला मजकूर निघाला. त्यांनी तो वाचला, ओठ दाबले आणि पान आईसाहेबांकडे फिरवले. त्यावर होते: आई म्हणते हळू दाब. मी दाबणारच. पण आज आई दमली होती म्हणून मुंगीला वाचायला मीच शिकवलं.

आईसाहेबांनी ते एकदा वाचले. मग पुन्हा वाचले. मग ओढणीच्या टोकाने नाक पुसले आणि चहा निवला ऐसे काहीतरी म्हणोन आत गेल्या, आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज काही आला नाही.

बाईंनी रकाना भरला. लेखी काम, वह्या दोन, तारखांसह, पाहिले. मुंगीस वयपरत्वे लेखी कामाची सक्ती नव्हती, तिचा मामला येथेच संपावयाचा. परंतु मुंगी आपली बरणी घेऊन पुढे आली आणि मेजावर ठेवती जाहली.

"माझं पण लिहा. माझं सगळं यात आहे."

बाईंनी बरणी उजेडात धरली. करडा चुरा, गळ्यापर्यंत. त्यांनी गंभीरपणे विचारले की यात काय काय आहे, आणि मुंगीने सांगितले, की खाली मुळाक्षरे, मध्ये बेरजा, आणि सर्वांत वर काल खोडलेला मांजरावरचा निबंध. मग सरकारी अर्जाच्या समासात, जेथे रकाना नव्हता तेथे, नोंद पडली: बरणी एक, भरलेली.

तहाची कलमे येणेप्रमाणे ठरली. परवानगी एक वर्षाची. पुढील वर्षाचे काम खोडू नये. सरकारी पत्रे पाढ्यास वापरण्याआधी दोन्ही बाजूंनी वाचावी. बाई आपली पेन्सिल मेजावर विसरून गेल्या, ऐसे त्यांनी जाताना पहिल्या मजल्यावरून मोठ्याने कळवले, आणि परत घेण्यास चढल्या नाहीत.

त्या दिवशी आईसाहेबांनी दरबार भरवून फर्मान काढले, की खिळेबाईवरील हात दाबण्याचा गुन्हा माफ. की दोन्ही रबरे सेवानिवृत्त करून बरणीशेजारी फळीवर मांडावी. आणि की राज्याच्या इतिहासात प्रथमच ठरल्या चारांच्या वर एक पाचवी, कोरी करकरीत नवी वही विकत आणावी. वही आली. पहिल्या पानाला हात लावायची छाती कोणाची होईना. अखेर सर्वांनी खिळेबाईकडे पाहिले, आणि तिने नवी पेन्सिल मुठीत धरून, जीभ बाहेर काढून, पानाच्या मधोमध लिहिले: हे खोडू नये. आणि ते इतके दाबून लिहिले की वही उलगडून पाहता खालच्या चार पानांवरही तोच हुकूम उमटलेला निघाला, आणि आईसाहेबांनी तो पाचही पानांवर कायम केला. मोहीम फत्ते.