धडकवून दाखवा

गणपतअण्णांच्या घरी गेलं की चहाच्या आधी पाहुण्याच्या हाती दोन बटणं यायची. समोर दोन स्टुलांवर आडवं टाकलेलं जुनं दार, दारावर रूळ आणि रुळांवर वीतभर लांबीच्या दोन पत्र्याच्या आगगाड्या. अण्णा हाताची घडी घालून म्हणायचे, "धडकवा."

कुणालाही जमायचं नाही. एक गाडी रुळाच्या एका तुकड्यात शिरली की दुसरी आपोआप जागीच थांबायची. पोस्टमन हरला, गॅसवाला हरला. वर्गणी मागायला आलेली मंडळी तासभर बटणं फिरवून वर्गणी न घेताच गेली. प्रत्येक पराभवानंतर अण्णा एकच वाक्य म्हणायचे, "माणूस डुलकी काढतो, वायर काढत नाही."

हुबळीत केशवापुरात आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. मी कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये कामाला, म्हणून ते मला मास्तर म्हणायचे. ते स्वतः एका कारखान्यातून सिग्नल-फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्या कारखान्याच्या आवारात स्वतःचे रूळ आणि स्वतःची इंजिनं होती. अण्णांचा धाकटा भाऊ शंकर तिथंच इंजिनावर फायरमन होता. दोन इंजिनांच्या टकरीत तो गेला, त्याला दहा वर्षं झाली होती. अण्णांनी लग्न केलं नव्हतं. घरात त्यांचं म्हणावं असं शंकर हे एकच माणूस होतं. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, त्यामुळं "धडकवा" म्हटल्यावर हसावं की नाही, हे कुणाला कळायचं नाही.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमाराला त्यांनी गाड्या थांबवणारे जुने रिले काढून त्यांच्या जागी आयसी, म्हणजे चिपा, बसवायला घेतल्या. मी त्यांना त्याची पुस्तकं आणून दिली, ही माझी चूक. चौदा पायांच्या त्या काळ्या चिपांना ते झुरळं म्हणायचे. दाराच्या खालच्या बाजूला बिजागरीवर एक फळी, फळीवर ओळीनं झुरळं, आणि त्यांच्यापासून निघालेल्या वायरी मेणाच्या दोऱ्यानं बोटबोट अंतरावर बांधलेल्या. मग त्यांच्या बोलण्यातही ते उतरलं. चिपेला शून्य आणि एक एवढंच कळतं म्हणून अण्णाही तेवढंच बोलू लागले.

"जेवलात का अण्णा?"

"शून्य."

"ताप उतरला?"

"एक."

डॉक्टरांनी याच उत्तराचा अर्थ एक डिग्री ताप असा घेतला आणि आणखी दोन दिवस गोळ्या दिल्या.

एका रविवारी अण्णांनी माझ्या हातात बटणं दिली. मी हजारदा फिरवली होती तशीच फिरवली. दारावरच्या छोट्या पुलाच्या तोंडाशी दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या आणि थांबल्याच नाहीत. ताटात चमचा पडावा एवढासा आवाज झाला. एक गाडी दारावरून खाली फरशीवर गेली.

अण्णा पांढरेफटक पडले. मग माझ्यावर ओरडले, "काय केलंत तुम्ही?"

"काही नाही अण्णा. नेहमीसारखंच."

"खोटं बोलू नका! खाली हात घातलात. मी बघितलं."

त्यांनी बघितलं नव्हतं. ते चहाचं आधण बघत होते. पण मला घराबाहेर काढलं. संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीत झालं की मास्तरांनी मुद्दाम वायर उपटली. दुसऱ्या दिवशी वाणीही माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघत होता. हसण्यासारखीच गोष्ट होती, पण त्या चार दिवसांत मला नीट जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी अण्णा दारात उभे. दाढी वाढलेली, हातात वायरीचा एक तुकडा.

"कथलाचा डाग धरलाच नव्हता, मास्तर. वरनं चकचकीत, आत वायर सुटी. हा डाग मीच दिलेला."

"होतं असं. बसा."

ते बसले नाहीत. "आधी तुम्हाला गुन्हेगार ठरवलं, मग वायर बघितली. भीमाप्पाचंबी मी असंच केलं."

भीमाप्पा हा शंकर गेला त्या दिवशी रुळांचे सांधे बदलणारा माणूस. चौकशीत अण्णांनी लिहून दिलं होतं की सिग्नलच्या वायरी तपासल्या, सगळं ठीक होतं. त्या कागदावर भीमाप्पाची नोकरी गेली.

"तपासल्या नव्हत्या," अण्णा म्हणाले. "मी शंकरजवळ बसून होतो. कागद पुढं आला, सही केली. मला तेव्हा कुणीतरी पाहिजे होता."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं अळणावर गावाच्या बाजूला गेलो. भीमाप्पाचं गाव छोटं. घर विचारलं तर पारावरचा माणूस म्हणाला, "कुठला भीमाप्पा? इंजिन धडकवलेला का?"

भीमाप्पा अंगणात दोरी वळत होता. अण्णांना त्यानं लगेच ओळखलं. "कुंड्रि, बसा," म्हणाला, आणि घोंगडी पुढं केली. अण्णांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, आधी मराठीत, मग कानडीत.

दोरी वळायची थांबली. "मग वायर सुटी होती?"

"ठाऊक नाही. आता कुणालाच कळणार नाही. पण मी बघितली नव्हती. बघितली म्हणून खोटं लिहिलं."

"म्हणजे चूक माझी नव्हती असंबी नाही."

"नाही."

भीमाप्पानं दोरी बाजूला ठेवली. मला वाटलं आता हा शिव्या देणार, आणि त्या मीही ऐकून घ्यायला तयार होतो. त्यानं आत हाक मारली, "सूनबाई, बाहेर ये. अण्णा, आता सांगितलं ते हिला सांगा."

अण्णांनी सांगितलं. शेतातून मुलगा आला, त्यालाही सांगितलं. मग भीमाप्पा उठला, पटका नीट बांधला, अण्णांचं मनगट धरलं आणि त्यांना शेजारच्या घरी घेऊन गेला. तिथून पुढच्या घरी, मग पारावर, मग गिरणीत. प्रत्येक ठिकाणी भीमाप्पा एवढंच म्हणायचा, "हे हुबळीचे अण्णा. ऐका काय म्हणतात." आणि खाली मान घालून उभा राहायचा. अण्णा पहिल्यापासून सांगायचे, एकही शब्द न गाळता. मी मागं मागं चाललो होतो. परतीची बस गेली ते तिघांनाही कळलं.

सातव्या की आठव्या घरी अण्णांचा आवाज बसला. ओठ हलले, शब्द येईना. घरमालक आमच्याकडं बघत राहिला.

"जरा थांबा," भीमाप्पा त्याला म्हणाला. "आधी त्यांना पाणी द्या."