नामदेवाच्या फोनमधला कळप

निमोण्याचा नामदेव कोणतीही वस्तू हाती आली की तिला मेथड किती, म्हणजे कामे किती येतात, हे आधी मोजतो. शिरूरला कचेरीबाहेर मी अर्ज लिहितो आणि माझ्या टेबलाशेजारी त्याचे झेरॉक्सचे दुकान आहे. परवा माझा स्टेपलर उचलून तो म्हणाला, "रंग हाय, वजन हाय, म्हंजी माहिती झाली. आन् मेथड एकच. टोचणं."

पन्नाशीच्या या गृहस्थाने गिऱ्हाईक नसताना व्हिडिओ पाहून ॲप बनविण्याची विद्या आरंभिली आहे. दीर्घ लेखनानुभवामुळे कोणताही विषय मला चटकन उमगतो. हा मात्र मी त्याला तीनदा विचारला.

"भाऊसाहेब, तुमचा कोरा अर्ज असतो तसा टाईप. नाव, गाव, वय भरायच्या जागा. पर तुमचा अर्ज निस्ता पडून ऱ्हातो. टाईपला मेथड जोडली की त्यो काम करतो. टाईपला एकदा शिकवलं, की त्यातनं केलेल्या समद्यांना येतं."

अर्ज पडून राहतो, हे विधान मला रुचले नाही. परंतु ते वस्तुस्थितीस धरून असल्याने मी हरकत नोंदविली नाही.

त्याचा पहिला टाईप 'नातलग'. त्याचे वडील आप्पा जन्मभर मेंढरांमागे हिंडले. अलीकडे त्यांना माणसे ओळखू येत नाहीत. नामदेवालाही ते "पाव्हणं, कुठलं तुम्ही?" असे विचारतात. फोटोवर बोट ठेवताच त्या माणसाने आपली ओळख बोलून दाखवावी, अशी मेथड त्याने जोडली. त्याच्या स्वतःच्या ओळखीचा मजकूर अर्थातच मी लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी विचारले, "काय म्हणाले आप्पा?"

"'सदर इसम हा आपला ज्येष्ठ पुत्र असून' एवढं ऐकलं, टोपी नीट केली आन् म्हणाले, सायबांला च्या ठेवा."

त्यानंतर आठवडाभर तो माझ्याशी मोजकेच बोलला. मग नवा टाईप निघाला: 'मेंढी'. नाव, रंग, खूण. आणि मेथड एकच, हाक. बोट ठेवले की नामदेवाच्याच आवाजात त्या मेंढीचे नाव पुकारले जाई.

"कळप विकून दहा वर्षे झाली ना?" मी विचारले.

"आप्पांला माणसं आठवत न्हाईत, भाऊसाहेब. मेंढरं समदी पाठ हायेत."

कुतूहलापोटी एका दुपारी मी निमोण्याला गेलो. आप्पा पडवीत बसले होते. नामदेवाने बोट ठेवले. "बांडी."

"कान फाटका तिचा."

"मोरी."

"दूध चोरती."

एकेक नाव येत गेले आणि आप्पा सरसावून बसले. यादीच्या तळाशी, त्याच टाईपात, खुणेची जागा कोरी ठेवून एक नाव भरलेले मला दिसले. नामदेवाने माझ्याकडे न पाहता त्यावर बोट ठेवले.

"नामा."

आप्पांनी मान वळवून अंगणापलीकडे पाहिले.

"ह्यो लई मागं ऱ्हातो," ते म्हणाले. "पुढची जरा थांबवा."