सव्वा पक्षी

माझा मोठा भाऊ उंची फुटात सांगत नाही, पक्ष्यात सांगतो. कपाट पावणेदोन पक्षी. शेजाऱ्यांची कालवड अजून अर्धा पक्षी. माझ्या लग्नात त्याने नवरदेवाला बोटांपासून फेट्यापर्यंत न्याहाळलं आणि मांडवातच निकाल दिला, "जवाईबापू दीड पक्ष्यात बसले." विलासरावांनी त्याला अजून माफ केलेलं नाही.

पक्षी म्हणजे माळढोक. भाऊ आठ वर्षांचा असताना भातकुलीच्या आमच्या शेतात ज्वारीच्या राखणीला बसला होता, तेव्हा तो धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आला म्हणे. मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी, उंची भाऊच्या हनुवटीपर्यंत. भाऊ त्याच्याकडे पाहत राहिला आणि इकडे गाई ज्वारीत शिरल्या. बाबांनी आधी गाई हाकलल्या, मग भाऊला. त्यानंतर तो पक्षी आमच्या शिवारात कोणालाच दिसला नाही. घरात कोणी थाप मारली की 'भाऊचा पक्षी आला' म्हणायची रीत पडली. बाबा शेवटच्या आजारातसुद्धा खाटेवरून विचारत, "आला काय रे तुहा पक्षी?"

"आला की सांगतो," भाऊ म्हणायचा, आणि त्यांचे पाय दाबत बसायचा.

भाऊ झेंडू पिकवतो आणि आपल्या पिकअपमधून अमरावतीच्या बाजारात नेतो. पुढे चौघं बसतात, मागे फुलं. गेल्या दिवाळीत फुलं संपल्यावर तो आमच्याकडे अकोल्याला आला आणि चहाची कपबशी खाली ठेवायच्या आत म्हणाला, "चला राजस्थानात. तिथं हाय अजून. दाखवतो तुमाले."

वहिनी सोबत होती. ती म्हणाली, "अन् नाई दिसला तं?"

"तं त्याचं नाव नाई काढनार. कदीच नाई."

या अटीवर सगळे तयार झाले. विलासराव तर लगेच बॅग काढायला उठले.

तयारी मी केली, कारण बाकीच्यांवर सोडली असती तर चौघं आणि एक ताडपत्री एवढंच निघालं असतं. पीठ, ठेचा, शेगडी, पाण्याच्या कॅना. मागच्या हौद्याला झेंडूचा वास इतका होता की एक मधमाशी अकोल्यापासून धुळ्यापर्यंत आमच्यासोबत आली.

राजस्थानच्या वाटेवर गाडी कच्छच्या छोट्या रणात उतरली. जमीन इतकी सपाट की आभाळ आपल्या घोट्यांपासून सुरू होतं. झाड नाही, घर नाही, तारेचा खांब नाही. आमच्या वऱ्हाडात कुठेही उभं राहा, कोणाचा तरी धुरा दिसतो. इथे कोणाचंच काही नव्हतं. मग रानगाढवांचा एक कळप धुळीतून निघाला आणि बराच वेळ गाडीच्या बरोबरीने, कशाचीही घाई नसल्यासारखा धावत राहिला. विलासरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"एक पक्षी," भाऊ स्टिअरिंगवरून म्हणाला. "वरून कान."

जैसलमेरच्या पुढे वाळवंटाचं राष्ट्रीय उद्यान. उद्यान म्हटल्यावर वहिनीच्या डोळ्यांसमोर कारंजी आणि फुलांचे वाफे होते. तिथे होतं वाळकं गवत, खुरटी झाडं आणि वारा. वनरक्षक म्हणाला, फार थोडे उरलेत, दिसला तर नशीब. आम्ही तीन दिवस नशीब शोधलं. भाऊ गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चालवायचा आणि मी चिवडा खाल्ला की आवाज होतो म्हणून डोळे वटारायचा. हरणं दिसली. दारासारखे पंख पसरून उतरणारी गिधाडं दिसली. एका संध्याकाळी आख्खं आभाळ तांब्याच्या घंगाळासारखं झालं, आणि वहिनी, जिला जत्रेतसुद्धा घरच्या गॅसची काळजी असते, म्हणाली, "थोडं थांबा ना इथंच."

माळढोक दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी परत निघालो आणि उद्यानाच्या हद्दीतच गाडी पंक्चर झाली. विलासराव आणि वहिनी गाडीच्या पलीकडच्या सावलीत आमच्याकडे पाठ करून बसले. भाऊ जॅक लावायला खाली सरपटला, त्याचे फक्त पाय बाहेर. मी हातात पाना घेऊन उभी.

समोरच्या गवतातून तो बाहेर आला.

मालक आपलं शेत पाहायला निघतो तसा. मान सरळ, पांढरी. डोक्यावर काळी टोपी. एक पाऊल टाकायचा आणि थांबायचा, जणू ते पाऊल पटलं की नाही ते पाहत होता. मी आयुष्यात गप्प बसलेली बाई नाही, पण हाक मारली तर तो उडून जाईल म्हणून मारली नाही. फोन पर्समध्ये, पर्स सीटवर, आणि मला हलावंसंच वाटेना. एवढ्या रिकाम्या जागेत तो एकटा चालत होता, आणि ती जागा भरल्यासारखी वाटत होती.

"पाना दे," गाडीखालून आवाज आला.

मी दिला नाही.

"अवं शोभे, पाना दे ना. झोपली काय?"

पक्ष्याने मान वळवली, मग तो गवतातल्या एका उंचवट्याकडे गेला आणि पलीकडे उतरला. भाऊ बाहेर निघेपर्यंत तिथे फक्त गवत हलत होतं.

"पक्षी होता," मी म्हणाले.

सावलीतून विलासराव हसले. "घ्या. भाऊचा पक्षी बहिनीलेबी लागला."

"ऊन लागलं तिले," वहिनी म्हणाली. "पानी पाजा."

मी शपथेवर सांगितलं, चिडून सांगितलं. दोघं आणखी हसले. भाऊ हसला नाही. माझ्यासमोर उभा राहून त्याने हळूच विचारलं, "मान?"

"पांढरी."

"डोक्यावर?"

"काळी टोपी. केवढा होता ते नाई सांगता येत भाऊ, बाजूले मापाले कायीच नोतं."

"मापाले माप कायले लागते?" तो म्हणाला. उंचवट्याकडे पाहायलाही गेला नाही. माझ्या हातातला पाना घेऊन खाली बसला आणि चाकाचे नट ढिले करू लागला. एक नट निघून खाली पडला तरी पाना फिरवत राहिला.

"पन तुमाले तं नाई दिसला ना," वहिनी म्हणाली. "हारले तुमी."

"हारलो," भाऊ म्हणाला.

आणि त्याने शब्द पाळला. परतीच्या वाटेवर किल्ल्याचे दरवाजे आले, उंटांचे तांडे आले. "मोठा हाय," एवढंच म्हणायचा. धुळ्याच्या आसपास विलासरावांनीच गाडीतल्या शांततेला कंटाळून विचारलं, "भाऊ, तो टँकर किती व्हईन हो?"

"असन," भाऊ म्हणाला.

या उन्हाळ्यात आम्ही नवा कूलर घेतला. भाऊ अमरावतीचा बाजार आटोपून तो पाहायला आला. कूलरसमोर उभा राहिला. सवयीने हात उचलला, मग खिशात घातला.

विलासराव पेपर वाचत होते. मी कणीक मळता मळता म्हणाले, "सव्वा पक्षी असन, नाई?"

भाऊने माझ्याकडे पाहिलं. मग कूलरजवळ गेला, एक डोळा मिटला आणि हात हनुवटीखाली आडवा धरला.

"नाई वं बाई," तो म्हणाला. "एक, अन् वर चार बोटं."

मी पुन्हा नीट पाहिलं. त्याचं बरोबर होतं.