बिनडोक्याचा बारापासॉरस

आमच्या समोरच्या सामंतकाकांना जिन्यात सहज विचारावं, "काय, जेवण झालं का?" तर ते हो किंवा नाही म्हणत नाहीत. डायनासोर कसा जेवायचा ते सांगतात.

"चावायचा नाही. पाला ओरबाडायचा आणि थेट गिळायचा. बाकीचं काम पोटात." मग स्वतःच्या सपाट पोटावरून हात फिरवत, "पोट केवढं, तर आपली गच्चीवरची टाकी बघा." तोवर इकडे माझं दूध उतू गेलेलं असतं.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला. काका एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झाले आणि बारापासॉरसच्या नादी लागले. ज्युरासिक काळातला, झाडपाला खाणारा, लांब मानेचा प्राणी. "सिनेमातले सगळे परदेशी. हा आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातला," असं ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. त्याचा सांगाडा बघायला ते कोलकात्यापर्यंत जाऊन आले. येताना शालिनीकाकूंना साडी आणायची विसरले, पण मांडीच्या हाडाचा फोटो आणला. हाड काकांएवढंच उंच होतं.

त्यांचा दुसरा आजार म्हणजे 'पुरावा काय?' भाजीवाला म्हणाला, मेथी आज सकाळची आहे, की काका म्हणणार, "पुरावा काय?" भाजीवाला आता त्यांना वय न सांगता मेथी देतो.

गेल्या थंडीत काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं दोनचार शब्दांवर आलं. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी त्यांचा पलंग लावला.  एप्रिलमध्ये काका सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभे राहून म्हणाले, "मला आवारात डायनासोर बांधायचाय. पूर्ण आकाराचा."

सेक्रेटरी मोकाशींनी चष्मा काढला. "आणि माझी गाडी कुठे लावू?"

"पोटाखाली. पाय खांबासारखे सरळ असतात, मधे भरपूर जागा."

"अहो, पडला तर?"

"मानेचे मणके आतून कोरलेले असतात, वजन कमी. मी बांबूच वापरणार आहे. खर्च माझा, पावसाआधी उतरवीन."

मोकाशी नाही म्हणाले. काका दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन त्यांच्या दारात. तिसऱ्या दिवशीही. शेवटी मोकाशीवहिनीच म्हणाल्या, "द्या हो परवानगी, मला रोज चहा टाकावा लागतो."

मे महिनाभर काका शिडीवर. बांबू, सुतळी, गोणपाट. एकदा शिडीवरून घसरून मनगट दुखावलं, तर पट्टी बांधून डाव्या हाताने गाठी मारल्या. सबंध धूड उभं राहिलं तेव्हा रिक्षावालेही गेटाशी थांबू लागले. शेपूट पार मीटररूमपर्यंत आणि मान वर चढत थेट काकूंच्या खिडकीशी. फक्त डोकं नव्हतं.

"काका, डोकं विसरलात," मी म्हटलं.

"विसरलो नाही. याची कवटी सापडलेलीच नाही. दात तेवढे मिळाले. बाकी अंदाज, आणि अंदाजाचं मी काही बसवणार नाही."

त्या आठवड्यात काकूंनी खाणं जवळजवळ सोडलं. काका चमच्याने पेज भरवायला बसत, काकू ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघत. एका दुपारी मी सोलकढी घेऊन गेले होते. काकूंनी चमचा डाव्या हाताने बाजूला सारला आणि मानेच्या त्या थोटकाकडे बोट दाखवलं.

"तोंड," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, "उपाशी."

काका म्हणाले, "अगं, पण पुरावा नाही ना." काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

 काका वाटी घेऊन उठले आणि स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ खडखडाट ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानेवर डोकं होतं. टोपलीचं, गोणपाटाने मढवलेलं, थोडं वाकडं. जबड्यात आंब्याची हिरवी डहाळी आणि दात चमचम करणारे. बारापासॉरसचे दात चमच्यासारखे होते, एवढा पुरावा काकांकडे होता. घरातले झाडून सगळे चमचे त्यांनी जबड्यात बसवले होते.

मी बघायला गेले तेव्हा दार उघडंच होतं. काका पलंगाच्या कडेला बसून मऊ भात बोटांनी कालवत होते. लहानसा घास करून त्यांनी काकूंच्या ओठांशी नेला. काकूंनी आधी डायनासोरकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि तोंड उघडलं. भाताचं शीत हनुवटीवर आलं, ते काकांनी अंगठ्याने टिपलं आणि दुसरा घास केला.

"आमच्याकडचा चमचा आणून देऊ का?" मी दारातूनच विचारलं.

काकांनी मान वळवली नाही. "नको," ते म्हणाले, "राहू दे."