अण्णांना न दिसलेली ओल

आमच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या खोलीतली एक भिंत ओली झाली तेव्हा घरात कोणीही घाबरलं नाही. आमच्याकडे गृहविमा होता आणि त्यात 'भिंतीतील लपलेल्या जलवाहिनीची गळती' हे कलम ठळक अक्षरांत छापलेलं होतं. ज्या घरात ठळक अक्षरं आहेत त्या घराने ओलीला भिण्याचं कारण नाही, असं माझं तेव्हाचं मत होतं. मी रीतसर दावा दाखल केला.

अण्णांनी भिंत त्यांच्या पद्धतीने ताब्यात घेतली. बांधकाम कचेरीत अडतीस वर्षं नकाशे काढण्यात घालवलेला माणूस! टोकदार पेन्सिलीने त्यांनी ओलीची कड आखली आणि शेजारी तारीख घातली. पुढच्या रविवारी ओल सरकली, त्यांनी नवी कड आखली. इकडे त्यांचा खोकला बळावला, खोलीत कुबट वास भरला आणि त्यांची खाट बाहेर, चपलांच्या कपाटाशेजारी आली.

"माझी खोली मला कधी मिळणार?" एवढंच ते रोज विचारत.

प्लंबर आला. त्याने भिंतीला कान लावला आणि म्हणाला, "आत पाइप गेलाय साहेब. अर्ध्या दिवसाचं काम. फोडू?"

मी कंपनीला फोन लावला. तिकडच्या बाईंचा आवाज मधाळ होता.

"फोडू नका हं. फोडलीत तर गळती दिसेल. दिसणारी गळती कलमात बसत नाही."

"मग ती आहे हे दाखवायचं कसं?"

"पुराव्यानिशी."

"निदान पाणी तरी बंद करू का?"

"अवश्य करा. फक्त पाहणीच्या दिवशी गळती चालू नसली तर दावा आपोआप निकाली निघेल."

तेव्हापासून आम्ही गळतीची जावयासारखी बडदास्त ठेवू लागलो. पाण्याचा जोर कमी पडू नये म्हणून गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असायची. ओल कपाटामागे पोचली तेव्हा बायकोने मुकाट्याने कपाट सरकवून तिला वाट करून दिली. अण्णा आपले दर रविवारी खोकत खोकत जात आणि रेघ मारून येत.

अकराव्या रेघेनंतर सर्व्हेअर आला. तो भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला.

"या रेषा कोणी काढल्या?"

"मी," अण्णा म्हणाले. कित्येक आठवड्यांनी त्यांचा चेहरा खुलला होता. "एक मिलिमीटर इकडेतिकडे सापडणार नाही."

"फारच सुंदर काम आहे," सर्व्हेअर मनापासून म्हणाला. "दावा गेला तुमचा."

"गेला म्हणजे?"

"गळती लपलेली हवी. हिची तर दर आठवड्याला मोजणी झाली आहे. तारखांसकट."

"अहो, त्यातले नऊ रविवार आम्ही तुमचीच वाट बघत होतो!" मी म्हणालो.

"तो विलंब आमच्या अखत्यारीतला. ओल वाढली ती तुमच्या अखत्यारीत."

माणूस वाईट नव्हता. जाता जाता त्याने मला बाजूला घेऊन मार्ग सांगितला. घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीने फक्त लिहून द्यायचं की, ओल माझ्या निदर्शनास आली नाही. तो गेल्यावर मी हे अण्णांना सांगितलं.

"पण मी पाहिली," अण्णा म्हणाले. "मोजली."

"अण्णा, नुसती सही तर करायची आहे."

"अडतीस वर्षांत मी न पाहिलेल्या जागेचा नकाशा काढला नाही आणि पाहिलेली जागा नाकारली नाही."

"खोली हवी आहे ना तुम्हाला?"

हे वाक्य बोलताना मला लाज वाटली. तरी मी बोललो. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, खोकल्याची उबळ ओसरू दिली आणि पेन मागितलं. त्यांचा हात थरथरत होता. त्याच संध्याकाळी मी अकराही रेघांवर पांढरा रंग मारला.

पंधरा दिवसांत पत्र आलं. ज्या व्यक्तीने ओल आखली त्याच व्यक्तीला ती दिसली नाही, ही बाब विसंगत वाटते, सबब नेत्रतज्ज्ञाचा दाखला जोडावा.

नेत्रतज्ज्ञांकडे अण्णांनी तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली.

"खाली छापखान्याचं नाव आहे. तेही वाचू?"

मी त्यांचा हात दाबला. डॉक्टरांनी तो दाब बरोबर पाहिला.

"विम्याचं आहे होय? मग आधी नाही का सांगायचं!" त्यांनी खणातून छापील नमुना काढला. "'ओल्या व कोरड्या पृष्ठभागांतील फरक ओळखण्याची क्षमता क्षीण.' चालेल?"

चाललं. दावा मंजूर झाला, भिंत फुटली, पाइप बदलला. अर्धा दिवससुद्धा लागला नाही. मंजुरीच्या पत्रात शेवटी बारीक अक्षरांत एवढंच होतं: कंपनीचा प्रतिनिधी पूर्वसूचना न देता भेट देईल, आणि सदर व्यक्तीच्या दृष्टीत सुधारणा आढळल्यास दावा रद्द समजण्यात येईल.

अण्णांना त्यांची खोली मिळाली. आता ती ठणठणीत कोरडी आहे आणि खोकलाही थांबला आहे. फक्त दारावरची घंटा वाजली की बायको धावत जाऊन त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेते. पेन्सिली आम्ही कधीच कुलपात ठेवल्या आहेत. परवा त्यांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "बाहेर ऊन पडलंय, एवढं म्हटलं तर चालेल ना रे?"

मी म्हणालो, "विचारून सांगतो."

तुम्हाला माझा राग आला असेल. यायलाच हवा. पोटच्या पोराने म्हाताऱ्या बापाकडून धडधडीत खोटं लिहून घेतलं, तेही एका भिंतीसाठी! पण राग काढायच्या आधी तुमच्याही कपाटातली विम्याची फाइल काढा. शेवटच्या पानावर छापलेलं असेल, 'वरील सर्व अटी मी वाचल्या असून त्या मला पूर्णपणे समजल्या आहेत.' त्याखाली तुमची सही आहे. अण्णांचा हात निदान थरथरला होता. तुमची सही बघा, किती झोकदार आली आहे.