मार्तंडराव नाव घेतात

मुलुंड पूर्वेच्या भाजी मार्केटात एका रविवारी मार्तंड टिपणिसांनी "अगं ए!" अशी हाक मारली आणि अकरा बायका वळल्या. बारावी, म्हणजे जिच्यासाठी ती हाक होती त्या वसुधाबाई, अळूच्या जुड्या उलट्यापालट्या करण्यात गुंग होत्या. मार्तंडराव पुन्हा ओरडले, "अगं, ऐकतेस का?" तशी वांगी निवडणारी एक ठसठशीत बाई म्हणाली, "ऐकतेय ना! बोला काय ते!" तिच्या मागे तिचा नवरा उभा होता, चांगला सहा फुटी. (मार्तंडराव पाच फूट तीन इंच, तेही चपला घालून.)

घरी येईपर्यंत वसुधाबाई हसत होत्या. कोथिंबीर निवडायला बसल्यावर मात्र म्हणाल्या, "पस्तीस वर्षं झाली लग्नाला. एकदा तरी नावानं हाक मारलीत का हो मला?"

"बरं, आता मारतो. व... व..."

"राहू द्या. वसुधा हे तुमच्या आईनं ठरवलेलं नाव. रेशनकार्डापुरतं ठीक आहे. माझं खरं नाव घेणारी माझी आई, ती जाऊन तेहतीस वर्षं झाली. ताई मला छोटी म्हणते, ओजस आई म्हणतो, सोसायटीत मी टिपणीस काकू. कधीकधी माझं मलाच आठवावं लागतं बघा."

हे त्या तक्रार म्हणून बोलल्या नाहीत, त्यामुळे मार्तंडरावांना जास्तच लागलं. माणूस वाईट नव्हता हो! वडीलधाऱ्यांसमोर बायकोचं नाव घ्यायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत. वडीलधारी मंडळी एकेक करून गेली, पण जिभेला लागलेलं वळण काही जाईना. त्या दुपारी आमटीभात कालवता कालवता त्यांनी ठरवलं, की पंधरा दिवसांनी हिची साठी आहे, त्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, माइकवरून हिला माहेरच्या नावानं हाक मारायची. झकास!

अडचण एवढीच, की ते नाव काय होतं हे त्यांना आठवेना.

तुम्ही हसाल, पण पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'वसुधा' असं रेखलं, आणि जुनं नाव मांडवातच राहिलं. तिला विचारायची तर सोय नाही. तिची शाळेची सर्टिफिकिटं बँकेच्या लॉकरमध्ये आणि लॉकरची किल्ली तिच्याच पर्समध्ये. शेवटी ती देवळात गेलेली बघून मार्तंडराव स्टुलावर चढून माळ्यात शिरले, दोनदा शिंकले, एकदा डोकं आपटलं, आणि लग्नाची पत्रिका घेऊन खाली आले.

आता दोघी बहिणींची लग्नं एकाच मांडवात झालेली, त्यामुळे पत्रिकाही एकच. तिचा खालचा, नवरदेवांचा भाग कसरीनं साफ खाल्ला होता. वर तेवढं शिल्लक होतं : 'चि. सौ. कां. मालन व चि. सौ. कां. जानकी'. म्हणजे एक आपली बायको आणि दुसरी मेहुणी. मेहुणीचंही नाव सासरी बदलून सुगंधा झालेलं, त्यामुळे तिकडूनही पत्ता लागेना.

मार्तंडरावांनी आपल्या साडूंना, देवदत्त मास्तरांना, नाशिकला फोन लावला. पण "माझ्या बायकोचं नाव काय हो?" हे बासष्टाव्या वर्षी कुठल्या तोंडानं विचारायचं?

"हॅलो, मास्तर... काही नाही, सहज केला. थंडी काय म्हणतेय नाशकात?"

"मे महिना आहे, मार्तंडराव," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी डोकं चालवलं. (हे ते फार क्वचित करत, आणि दर वेळी असंच व्हायचं.) लग्नात आपण विमा कंपनीत पर्मनंट होतो. साडू शाळेत, तोही टेम्पररी. सासरे पक्के व्यवहारी. मग पर्मनंट जावयाची जोडी आधी छापणार की टेम्पररीची? अर्थात आपली! म्हणजे बायको मालन.

तरी मनात धाकधूक होतीच. पन्नास टक्के खात्रीवर मार्तंडरावांनी आयुष्यात काही केलं नव्हतं. ते जानेवारीतही छत्री घेऊन निघत. पण कोथिंबीर निवडताना बायकोचा खाली गेलेला आवाज त्यांना आठवायचा, आणि ते दुसऱ्या दिवशी पुन्हा बाथरूममध्ये नळ सोडून सराव करायचे. "मालन... मालन!... अगं मालन..." पहिले चार दिवस नुसता घसा बसला. पाचव्या दिवशी आवाजात जरा गोडवा आला, आणि नेमका तोच सुनेनं, अस्मितानं, ऐकला.

त्या संध्याकाळी ओजसनं वडिलांना गॅलरीत गाठलं.

"बाबा, ही मालन कोण?"

मार्तंडराव दचकले. "तुला कुणी सांगितलं?"

"अस्मितानं ऐकलं. बाथरूममध्ये तुम्ही रोज..."

"हळू बोल. आईला यातलं काही कळता कामा नये."

"बाबा!"

"पस्तीस वर्षं मनात दाबून ठेवलं रे. आता नाही राहवत."

"अहो, पण या वयात?"

"या वयात नाही तर कधी? साठीच्या दिवशी मी सगळ्यांसमोर तिचं नाव घेणार आहे. माइकवरून."

"आईच्या साठीला?" ओजस मटकन खुर्चीत बसला. "वाट लागली!"

"घाबरतोस काय? तुझ्या आईला आनंदच होईल."

ओजसनं हे अस्मिताला सांगितलं, आणि अस्मिताच्या पोटात गोष्ट राहिली तर शपथ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या चहाला तिनं सासूबाईंचा हात हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं. वसुधाबाईंनी "मालन?" एवढंच विचारलं. मग त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून कडी लावून घेतली. आतून मुसमुसल्यासारखा आवाज बराच वेळ येत होता. बाहेर अस्मिता रडली, ओजसनं तिला पाणी दिलं, आणि मार्तंडराव बातम्या बघत होते.

साठीचा दिवस उजाडला. हॉल गच्च भरला होता. नाशिकहून मास्तर आणि सुगंधाताई आले, त्यातही ताई जरा जास्तच नटलेल्या दिसत होत्या. औक्षण झालं, साठ दिव्यांचं ताम्हन ओवाळून झालं, आणि मार्तंडराव माइककडे निघाले. ओजस स्पीकरच्या वायरीजवळ जाऊन उभा राहिला.

मार्तंडराव माइकसमोर आले. अजून वेळ गेलेली नव्हती. "उपस्थितांचे आभार" म्हणून सुटता आलं असतं, कुणी अडवलं नसतं. त्यांचं तोंड 'उप' म्हणायला उघडलंही होतं. तेवढ्यात त्यांनी वसुधाबाईंकडे पाहिलं. त्या खुर्चीच्या कडेला येऊन, लहान मुलीसारख्या टक लावून त्यांच्याकडे बघत होत्या. मार्तंडरावांना एकदम भरून आलं. चुकलो तर चुकलो, मनाशी म्हणाले, पण हिला आज परत 'अगं' म्हणायचं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि घसा फाडून हाक मारली.

"मालन!"

ओजसनं वायर उपसली, पण तोवर सगळ्या हॉलनं ऐकलं होतं. आणि मग दुसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला.

"ओ!"

सुगंधाताई उभ्या राहिल्या होत्या. शेजारी मास्तरही उठले. "मार्तंडराव, आमच्या हिला कशाला बोलावताय?"

"हिचं नाव... मालन?"

"म्हणजे काय! सुगंधा कागदावर आणि चारचौघांत. घरी दोघंच असताना मी पहिल्या दिवसापासून मालनच म्हणतो."

"पण पत्रिकेत आधी छापलं होतं!" मार्तंडराव रडकुंडीला आले.

"थोरलीचं नाव आधी छापतात हो," वसुधाबाई म्हणाल्या. "एवढं पण ठाऊक नाही?" आणि इतका वेळ पदर तोंडाशी धरून दाबलेलं त्यांचं हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"अस्मितानं मालन म्हटल्याबरोबर कळलं. त्या दिवशी आत कडी लावून पोट धरून हसले. मग ताईला फोन केला, म्हटलं, तुला माइकवरून हाक येणार आहे, जरा चांगली साडी नेस."

"अगं, मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर लाजून गप्प बसला असता, आणि मी आणखी पस्तीस वर्षं वाट बघत बसले असते. चुकीचं तर चुकीचं, पण तोंड तर उघडत होतात!"

हॉलमध्ये हशा पिकला. त्या हशातच मार्तंडराव व्यासपीठावरून उतरले आणि बायकोसमोर जाऊन उभे राहिले. माइक बंद होता, ते बरंच झालं. आवाज फुटेल याची त्यांना खात्री नव्हती. पण फुटला.

"जानकी."

वसुधाबाईंचं हसू थांबलं. मग अगदी हळू, माहेरच्या ओसरीवरून दिल्यासारखी, त्यांनी ओ दिली. अस्मिता पुन्हा रडली. सुगंधाताईही रडल्या. सहा फुटी नसलेला आपला नवरा आज भलताच उंच दिसतोय, असं वसुधाबाईंना खरोखरच वाटलं. मार्तंडरावांना तर स्वर्ग दोन बोटं उरला.

नेमका त्याच वेळी ओजस आतल्या खोलीतून मोठा खोका घेऊन आला. त्यात केक होता. मार्तंडरावांनी स्वतः, कुणाला न सांगता, आठ दिवस आधी दुकानात जाऊन, कागदावर मजकूर लिहून देऊन तो सांगितलेला होता. ते धावले. "उघडू नकोस रे!" म्हणेपर्यंत अस्मितानं झाकण काढलं होतं.

गुलाबी क्रीममध्ये, वीतभर अक्षरांत, भोवती बदाम काढून लिहिलं होतं : 'माझ्या लाडक्या मालनला'.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मजकूर दुसऱ्यांदा वाचला. मार्तंडराव भिंतीला टेकले. वसुधाबाईंनी शांतपणे सुरी उचलली, बहिणीच्या हातात दिली, आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या,

"असू द्या. पुढच्या वर्षी एकसष्टी आहे. तोवर पाठ करा."